थंडी नुसती चुगली करते

संक्रांत जवळ आली आणि सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत पाळणे उभे राहायला लागले, की माझ्या गॅरेजचा फोन सकाळी साडेसहाला वाजायला लागतो. पलीकडून ठरलेलं वाक्य येतं, "सेल्फ फिरतोय, पण गाडी उचलत नाही ओ." आता सोलापूरची थंडी ती केवढी! पहाटे १३-१४ अंश, एखाद्या दिवशी दहाच्या आसपास. एवढ्याशा गारठ्यात धडधाकट डिझेल इंजिन अडत नाही. अडलं, तर कमजोरी आधीपासूनच कुठंतरी होती आणि उन्हाळ्याने ती झाकून ठेवली होती. थंडी फक्त चुगली करते. यंदा आलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतो.

प्रश्न : माझी २०१३ची डिझेल हॅचबॅक १ लाख ४० हजार किलोमीटर चालली आहे. सकाळची शाळा असते. सेल्फ जोरात फिरतो, पण तीन-चार वेळा मारावा लागतो. मग थरथरत सुरू होते, मागून पांढरा धूर येतो, डोळे झोंबतात. दुपारी मात्र पहिल्या फटक्यात सुरू. इंजिनाचे हीटर गेले असतील का? डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा तर नीट लागतो आणि विझतो. (शिक्षिका, जुळे सोलापूर)

ताई, अर्धं निदान तुम्हीच करून पाठवलंय. सेल्फ जोरात फिरतो म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर ठीक. डोळे झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पंप आणि फिल्टर आपलं काम करतायत. कमी पडतेय ती आतली उष्णता.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा सोळा-सतरा पट दाबतो, ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात सोडलेलं डिझेल आपोआप पेटतं. इंजिन गार असलं की दाबलेल्या हवेची बरीच उष्णता लोखंड आणि ॲल्युमिनियमच खाऊन टाकतं. ती तूट भरायला प्रत्येक सिलिंडरमध्ये एक हीटर प्लग असतो, त्याचं टोक काही सेकंदांत लालभडक होतं.

आता तो वेटोळ्याचा दिवा. बहुतेक गाड्यांत तो हीटर तापला की नाही हे सांगत नाही, नुसती वेळ मोजतो. चारही हीटर मेलेले असले तरी तो इमानेइतबारे लागतो आणि विझतो. त्याच्यावर विसंबू नका.

तपासणी सोपी आहे. हीटरची वायर काढायची, मल्टिमीटरचं एक टोक हीटरवर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवायचं. चांगला हीटर साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो. काटा हललाच नाही तर तो गेला. काही मेकॅनिक हीटर बाहेर काढून थेट बॅटरीला लावून लाल होतो का बघतात. जुन्या गाड्यांना ते चालायचं. नव्या काही गाड्यांचे हीटर कमी व्होल्टेजचे असतात, बारा व्होल्ट दिले की जागेवर जळतात. तेव्हा मीटरच बरा. हीटर चांगले निघाले तर त्यांच्यापर्यंत करंट येतो का ते बघायचं, रिले आणि फ्यूज तिथेच असतात.

एक धोका आधीच सांगतो. दहा वर्षं न हललेला हीटर कार्बनने हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या झाकणात) चिकटून बसलेला असतो. गार इंजिनावर पाना लावून जोर केला की तो तुटतो, टोक आत राहतं आणि काही वेळा अख्खं हेड उतरवावं लागतं. इंजिन गरम करून, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून, हळूहळू मागे-पुढे करत काढणारा माणूस शोधा. "दहा मिनिटांचं काम आहे" म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर लावलाच तर एक आकडा जरूर बघायला सांगा. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. पहाटे हवा १५ आणि कूलंट ६० दाखवत असेल, तर सेन्सर खोटं बोलतोय. कॉम्प्युटर इंजिन गरम आहे असं समजतो, हीटर लावतच नाही आणि डिझेलही त्या हिशेबाने सोडतो. हा सेन्सर हीटरपेक्षा स्वस्त आणि बदलायला सोपा, पण बघत कुणी नाही.

शेवटची गोष्ट थोडी कडू. कॉमन रेल इंजिन, म्हणजे रेल नावाच्या एकाच दाबाच्या नळीतून सगळ्या सिलिंडरना डिझेल पुरवणारं इंजिन, चांगल्या अवस्थेत असेल तर सोलापूरच्या थंडीत हीटर नसतानाही बहुधा सुरू होतं. तुमचं होत नाही, म्हणजे कॉम्प्रेशनही (हवा दाबण्याची ताकद) थोडं उतरलं असण्याची शक्यता आहे. हीटर बदलून गाडी सरळ झाली तर गप्प बसा. नाही झाली, तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. चांगल्या डिझेल इंजिनात साधारण २५ ते ३० बार (बार हे दाबाचं माप) मिळतं. एकाच सिलिंडरमध्ये ते फार कमी भरलं, तर सकाळच्या थरथरीचं कारण तिथे सापडेल.

प्रश्न : काल संध्याकाळपर्यंत गाडी ठणठणीत होती. आज सकाळी नुसतं टक टक टक. एका रात्रीत बॅटरी कशी मरते? (विजापूर रोड)

एका रात्रीत नाही मेली दादा, ती मे महिन्यातच मेली. तुम्हाला आज कळलं. सोलापूरच्या ४३-४४ अंशांत, तापलेल्या बॉनेटखाली बॅटरीच्या प्लेटा झिजतात. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. उन्हाळ्यात इंजिन हलकं फिरतं, म्हणून अधू बॅटरीही निभावून नेते. थंडीत ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो, नेमकी तेव्हाच बॅटरीची ताकद थोडी घटते.

पण नवी घ्यायला धावू नका. आधी टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर ऋण बाजूची वायर आधी काढा, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, घासून पुन्हा आवळा. मग रात्रभर उभ्या गाडीचं व्होल्टेज मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना ते ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी संपली. बॅटरी चांगली आणि तरी सेल्फ मरगळलेला असेल, तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची जाड पट्टी तपासा. ती गंजलेली मी इतक्यांदा बघितलीय, की हल्ली सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न : रात्री बॉनेटवर सोलापुरी चादर टाकून ठेवली तर इंजिन गरम राहील का?

चादर माणसाला ऊब देते, कारण माणूस आतून गरम असतो. गाडीचं इंजिन पहाटेपर्यंत गार दगड झालेलं असतं. तासाभरासाठी फरक पडेल, रात्रभरासाठी नाही. उंदरांची मात्र सोय होईल आणि ते वायरी कुरतडतील. चादर पाहुण्यांना द्या.

प्रश्न : आमची जुनी पिकअप पहाटे उसाच्या फडावर न्यायची असते. ड्रायव्हर एअर फिल्टरपाशी पेटता काकडा धरतो, कधी स्टार्टिंग स्प्रे मारतो. थंडीत डिझेल गोठतं, थोडं पेट्रोल मिसळा, असंही म्हणतो. बरोबर आहे का? (मोहोळ)

तिन्ही चूक. सगळ्यात सोपं आधी. सोलापुरात डिझेल गोठत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात विकल्या जाणाऱ्या डिझेलचा प्रवाहबिंदू (ज्या तापमानाखाली ते वाहायचं थांबतं तो) ३ अंशांपेक्षा जास्त असू नये असं भारतीय मानक आहे आणि मोहोळात पारा तिथवर उतरत नाही. गोठण्याचा खरा प्रश्न लडाखचा. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं वेगळं डिझेल आणलं. तुमच्या फडावर त्याची गरज नाही.

पेट्रोल मिसळणं म्हणजे पंपाच्या गळ्यावर सुरी. डिझेल पंपाला आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोजलला वंगण पुरवतं ते डिझेलच. पेट्रोल किंवा रॉकेल आलं की आतले भाग कोरडे घासतात.

स्प्रेत ईथर असतं, ते फार कमी तापमानाला पेटतं. आत हीटर लाल झालेला असेल तर पिस्टन वर पोचायच्या आधीच स्फोट होतो. तुटलेल्या रिंगा आणि तडकलेले पिस्टन मी हातात धरलेत. काकड्याबद्दल एवढंच, की बाजूला डिझेल आणि ऑइलने माखलेले पाइप असतात.

तुमचं इंजिन जुन्या पद्धतीचं, वेगळ्या छोट्या कप्प्यात डिझेल मारणारं असेल, तर त्याला आपल्या थंडीतही हीटर लागतोच. पहिल्या इंडिकाचं डिझेल इंजिन याच जातीचं होतं. चारही हीटर बदला, ड्रायव्हरला दहा-पंधरा सेकंद थांबायला शिकवा. काकडा पेटवायला त्याहून जास्त वेळ लागतो.

प्रश्न : फक्त सकाळी गाडी उशिरा सुरू होते. एका ठिकाणी बघताक्षणी चारही नोजल बदलायला सांगितले. आकडा ऐकून घाम फुटला. (बार्शी)

थांबा. त्रास गार इंजिनालाच होतो की गरम इंजिनालाही, हे त्यांनी विचारलं का? कॉमन रेल गाडी सुरू व्हायला रेलमध्ये साधारण २०० बारचा दाब जमावा लागतो. नोजल आतून झिजले की डिझेल रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परतणाऱ्या नळीत, पळतं आणि दाब जमत नाही. पण गरम डिझेल पातळ असतं, ते जास्त पळतं. म्हणून झिजलेल्या नोजलची गाडी बहुधा गरम असताना जास्त छळते. तुमची उलट आहे. नोजलची फवारणी बिघडली तर सकाळी त्रास होऊ शकतो, नाकारत नाही. पण आधी हीटर आणि बॅटरी. मग रिटर्नच्या चार नळ्या चार बाटल्यांत सोडून बघा. एकच बाटली भराभर भरली तर तो एक नोजल काढा. चारही बदलायचे तर चार बाटल्यांचा पुरावा मागा.

प्रश्न : मुलगा पुण्यात असतो, गाडी आठवड्यातून एकदाच काढतो. फिल्टरवरचा हातपंप दहा-बारा वेळा दाबला की लगेच सुरू होते, नाहीतर नाही. धूर अजिबात नाही. गाडी घरासमोरच्या चढावर, तोंड वर करून लावतो. (निवृत्त, होटगी रोड)

काका, धूर नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. लाइन कुठंतरी एअर घेतेय आणि उभ्या गाडीतलं डिझेल हळूहळू टाकीत परततंय. चढावर तोंड वर केल्याने त्याला उतारच मिळतो. थंडीचा हात एवढाच, की रबरी पाइप आणि सील गारठ्यात कडक होऊन आखडतात. फिल्टर नुकता बदलला असेल तर त्याची सील आधी बघा, नाहीतर पाइपाच्या क्लिपा. फिल्टरनंतर वीतभर पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

पैसे खर्च करण्याआधी एक करा. पुढचा आठवडा गाडी उतरणीला, तोंड खाली करून लावा, हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा. तशी लावून ती हातपंपाशिवाय सुरू झाली, तर माझं म्हणणं खरं. आणि सकाळी जमिनीवर डिझेलचा ओला डाग दिसला, तर बरोबर त्याच्या वर हात घालून बघा.