अहिराणी गायक सगळे डीजेच्या ठेक्यामागे का लागले? विकले गेले का?

विकले गेले म्हणणं जरा जास्तच होतंय. खान्देशात गाण्याचा पैसा येतो लग्नसराईतून. वरात ज्यावर नाचत नाही, त्या गाण्याला पुढची सुपारी नाही. मग ठेका वाढतो, आवाजावर ऑटोट्यून चढतं (बेसूर आवाज सुरात आणणारं १९९७ पासूनचं सॉफ्टवेअर, आता मोबाइलवरही), आणि अहिराणीचा 'शे' जाऊन प्रमाण मराठीचा 'आहे' येतो. ठेक्याचं मला काही वाटत नाही, हा 'शे' गेला की मात्र खटकतं.

सूर बदलला की लोक चिडतातच. १९६५ मध्ये अमेरिकेत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायक बॉब डिलननं इलेक्ट्रिक गिटार घेतली तेव्हा प्रेक्षकांतून हुर्यो झाली होती.

आमच्याकडची पावरीच बघा. दुधीभोपळ्याचं आदिवासी वाद्य, साक्री-नवापूरकडचं. आता बँडच्या गाडीवर कीबोर्डवाला एका बोटानं तोच सूर काढतो आणि म्हाताऱ्याही फेर धरतात. याला तुम्ही बिघडणं म्हणाल? मी नाही म्हणत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरची गाणी मात्र या ठेक्यात बसत नाहीत. कुणी बसवलं तर आमची आत्या स्पीकरची वायरच काढते.