सगळंच ‘बहुमार्गी’ कसं?

प्रश्न असा: अनेक अँटेनांचं वायफाय, ऑप्टिकल फायबर आणि मल्टिपाथ टीसीपी (एकच इंटरनेट जोडणी अनेक नेटवर्कांवरून चालवण्याची पद्धत) या तिन्हींत माहिती अनेक वाटांनी जाते, मग तिन्हींना ‘बहुमार्गी’ म्हणायला काय हरकत आहे?

मला तो शब्द फक्त मल्टिपाथ टीसीपीला शोभतो असं वाटतं. ‘मार्ग’ म्हटलं की निवड आली. मुंबईहून सिकंदराबादला जाणारी गाडी मनमाडमार्गे जाते तेव्हा ती दौंडमार्गे जाणार नाही, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. मल्टिपाथ टीसीपीतही तसंच: एकाच जोडणीतला डेटा वायफायवरून पाठवायचा की मोबाइल नेटवर्कवरून, हे फोन ठरवतो. ॲपलने २०१३ साली आयओएस ७मध्ये सिरीसाठी हे वापरलं.

अँटेनांच्या बाबतीत कुणी काही ठरवत नाही. हवेत सोडलेली लहर वाट फुटेल तिकडे जाते, भिंतींवर आपटते आणि तिच्या प्रती पुढेमागे पोचतात. जुन्या टीव्हीवर माणसाशेजारी त्याचीच पुसट आकृती दिसायची, ती यामुळेच. याला ‘बहुपथ’ म्हणावं. किरणाचा पथ कुणी न आखताही असतो. अनेक अँटेनांच्या वायफायमागचं मायमो तंत्र (‘मल्टिपल इनपुट, मल्टिपल आउटपुट’) या गोंधळाचाच फायदा उठवतं. लहर टिपणाऱ्या प्रत्येक अँटेनाला प्रतींचं मिश्रण निराळं मिळतं, म्हणून एकाच वारंवारतेवरचे अनेक प्रवाह गणिताने सुटे करता येतात. आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलाथ या अभियंत्यांना या कल्पनेचं पेटंट १९९४मध्ये मिळालं. (कैलाथ मूळचे पुण्याचे, तिथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजचे.)

मायमोच्या नावात मात्र पथ नाहीतच, अँटेना मोजल्या आहेत. आणि गंमत म्हणजे त्यातलं ‘इनपुट’ पाठवणाऱ्या बाजूचं आहे, कारण नाव हवेच्या बाजूने दिलंय. तेव्हा मायमोला मराठीत ‘बहुआदान-बहुप्रदान’ म्हणणं उलटं वाटलं तरी चूक नाही; आदान करते ती हवा.

फायबरला सरसकट ‘बहु’ लावणंच चुकीचं. लांब पल्ल्याच्या फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, त्यात एकच मोड, म्हणजे प्रकाशाची एकच विशिष्ट मांडणी, मावतो. ५० किंवा ६२.५ मायक्रॉनच्या गाभ्यात अनेक मोड असतात, ते पुढेमागे पोचतात आणि प्रकाशाचा स्पंद पसरतो. म्हणून ती फायबर इमारतीत किंवा आवारातच वापरतात. पण मोड म्हणजे रस्ता नव्हे, मांडणी. तिरपे उसळत जाणारे किरण हे वर्गात शिकवण्यापुरतं चित्र. केबल ओढणारेही ‘मल्टिमोड’च म्हणतात, तेच ठेवा.

तिन्ही एका वाक्यात आणायचीच असतील तर ‘अनेक वाटांनी’ एवढं मोघम लिहिलेलं बरं.