पाकिटावरचे अठरा टक्के

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करतो. सासवडजवळ आमची वडिलोपार्जित तीन एकर जमीन आहे. अंजिराची बाग मोडल्यापासून ती पडूनच आहे. तिथे सीबीडीसाठी (नशा न आणणारं औषधी द्रव्य) हेम्पची, म्हणजे कमी नशेच्या भांगेची, व्यापारी लागवड करायचा विचार आहे. एका विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर ‘फेमिनाइज्ड’ (फक्त मादी झाडं देणारं) बियाणं देऊ केलंय. सीबीडी १८ टक्के, टीएचसी (नशा आणणारं द्रव्य) ०.३ टक्क्यांच्या आत, उगवण ९५ टक्के, एका बीला ९० रुपये. प्रयोगशाळेचा अहवालही त्याने पाठवला, तो सोबत जोडतो. बियाणं अस्सल आहे का हे पेरण्याआधी कसं ओळखावं? लेबलवर भरवसा ठेवता येईल असा विक्रेता कुठे मिळेल?
(एक वाचक, बावधन)

उत्तर : अहवाल जोडलात हे फार बरं केलंत. तुम्ही विचारलंय बियाण्याचं, म्हणून आधी तेच बोलू. कायद्याचं पुढे येतंय, पण ते वाचल्याशिवाय पान उलटू नका.

माझी नोकरी बीज परीक्षणात गेली, त्यामुळे कागद हातात आला की मी आधी कोपरे वाचते. अहवाल फुलांच्या नमुन्याचा आहे. त्यात काही गैर नाही. बियांत ना सीबीडी असतं ना टीएचसी. टरफलाला चिकटलेला अंश सोडला तर ही द्रव्यं मादी झाडाच्या फुलोऱ्यावरच्या बारीक ग्रंथींत तयार होतात. म्हणून बियाण्याच्या पाकिटावरचे टक्के हे नेहमी आईबापांचे टक्के असतात. आता तुमच्या अहवालात ‘डेल्टा ९ टीएचसी ०.०८’ अशी ओळ ठळक छापली आहे आणि तिच्याखाली बारीक अक्षरात ‘टीएचसीए ०.६०’. विक्रेत्याने तुम्हाला वरची ओळ दाखवली. ताज्या फुलात टीएचसी बहुतेक आम्लाच्या रूपात, म्हणजे टीएचसीए म्हणून असतं आणि उष्णतेने त्याचं टीएचसी होतं. म्हणून एकूण टीएचसी काढताना टीएचसीएला ०.८७७ ने गुणून त्यात डेल्टा ९ मिळवतात. तुमच्या कागदावर ते ०.६०६ टक्के येतं, मर्यादेच्या दुप्पट. अहवाल खरा दिसतो हो, खोटं आहे ते लेबल.

अहवाल खरा का वाटतो तेही सांगते, कारण ही युक्ती तुम्हाला कुठल्याही जाहिरातीला लावता येईल. सीबीडी-प्रधान वाणात सीबीडी घडवणारं एन्झाइम आपलं काम करता करता थोडं टीएचसीही घडवतं. दोघांचं प्रमाण साधारण वीसास एक ते तीसास एक असं राहतं. खत-पाण्याने फुलोरा कमीजास्त होतो, पण हे प्रमाण फारसं हलत नाही, कारण ते झाडाच्या जनुकात ठरलेलं असतं. तेव्हा १८ टक्के सीबीडी असेल तर टीएचसी ०.६ ते ०.९ येणारच, आणि ०.३ च्या आत राहायचं तर सीबीडी सहा ते नऊ टक्क्यांवर थांबतं. ‘अठरा आणि ०.३’ ही जोडी पक्व फुलोऱ्यात बसत नाही. हे दोन आकडे एकाच पाकिटावर दिसले की मी पुढचं वाचत नाही.

नमुना कधी काढला हेही बघा. फुलोरा पक्व होत जातो तशी दोन्ही द्रव्यं वाढतात. कोवळ्या फुलाचा नमुना दिला की कागद आपोआप कायद्यात बसतो. अमेरिकेत म्हणूनच काढणीच्या आधीच्या ३० दिवसांत सरकारमान्य माणसाने नमुना घ्यायचा असा नियम आहे.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र वेगळाच आहे. अहवालावर लॉट नंबर नाही. वाणाचं एक गोंडस इंग्रजी नाव आहे, बस्स. हा कागद ज्या झाडांचा, त्याच झाडांचं बी तुमच्या पाकिटात आहे, हे कशावरून? आपल्याकडे ज्वारी घ्या, कांदा घ्या, पिशवीवर पीक, वाण, लॉट नंबर, उगवण, शुद्धता, चाचणीची तारीख, मुदत आणि उत्पादकाचा पत्ता हवाच. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग, सत्यप्रतला (उत्पादकाच्या स्वतःच्या हमीचं बियाणं) हिरवा. दुकानदाराकडे परवाना हवा आणि बिलावर लॉट नंबर हवा. हे सोपस्कार कंटाळवाणे वाटतात खरे. पण २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या, तेव्हा ज्यांनी बिल आणि टॅग जपून ठेवले होते त्यांच्याच हातात काहीतरी होतं. निकृष्ट बियाण्याबद्दल शेतकरी ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केलंय. तुमच्या व्हॉट्सॲपवाल्यावर तुम्ही कुठे जाणार?

‘फेमिनाइज्ड’चं थोडक्यात. मादी झाडावर चांदीच्या क्षारांचं द्रावण फवारून तिच्याकडूनच परागकण तयार करवून घेतात, त्यापासून आलेलं बी मादीचं निघतं. काम चोख असेल तर शेकड्यात एखादंच झाड चुकार. पण एकरी दीड हजार झाडं धरली तर एक टक्का म्हणजे पंधरा झाडं, आणि एकच नर किंवा दुलिंगी झाड भोवतालच्या माद्यांत बी धरवायला पुरेसं असतं. बी धरलं की सीबीडी घसरतं. म्हणजे नराची टक्केवारी लेखी हवी, आणि ती तुमच्या पाकिटावर नाही.

आता सासवडचा सूर्य. हेम्प हे दिवस लहान होऊ लागले की फुलणारं पीक. अमेरिका-युरोपातले बहुतेक वाण चाळीस अंश अक्षांशाच्या पलीकडे घडलेले, उन्हाळ्यात तिथला दिवस पंधरा-सोळा तासांचा. पुण्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. ते वाण इथे उगवताच ‘झाला हंगाम’ असं समजून गुडघाभर उंचीवरच फुलावर येतात. लेबल शंभर टक्के खरं असलं तरी उत्पन्न पदरात पडणार नाही. याउलट युरोपच्या अधिकृत वाण-यादीतली फिनोला, फ्युचुरा ७५ अशी नावं लेबलच्या बाबतीत विश्वासाची, पण ती बी आणि धाग्यासाठी काढलेली. त्यांच्यात सीबीडी जेमतेम.

आणि आता कायदा. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात ०.३ टक्के हा आकडा कुठेच नाही. या झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, अशी सरळ व्याख्या आहे, मग त्यात टीएचसी कितीही असो. बी आणि पानं, फुलोऱ्यासोबत नसतील तर, त्या व्याख्येतून वगळली आहेत. म्हणून विक्रेता ‘बी कायदेशीर आहे’ असं बेधडक सांगतो. तेवढ्यापुरतं ते खरंही आहे. ते मातीत गेलं की मात्र परवान्याशिवाय लागवड होते, आणि तिला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. परवानगी द्यायचा अधिकार राज्याला आहे. उत्तराखंडने २०१८ पासून ०.३ टक्क्यांच्या अटीवर तो वापरला. महाराष्ट्रात व्यापारी लागवडीला परवाना देणारं धोरण नाही. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने शेतमालाला भाव नाही म्हणून गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. बातमी झाली, परवानगी नाही. ई-पीक पाहणीत तुम्ही कुठलं पीक नोंदवणार, याचाही विचार करून बघा.

त्यामुळे ‘विश्वासू विक्रेता कुठे’ याला माझं उत्तर असं की सासवडच्या शेतासाठी तो असूच शकत नाही. जे पीक घेणंच गुन्हा, त्याच्या बियाण्याच्या लेबलला इथे कुणीच जबाबदार नसतो. चार बिया ओल्या फडक्यात घालून उगवण बघू, असंही करू नका. नव्वद रुपयांनी तीन एकरांचे चार लाख पाच हजार होतात. तेवढ्यात विहिरीचा गाळ निघेल, ठिबक होईल आणि अंजीर परत लागेल. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, हेही विसरू नका.

प्रश्न : ताई, सेंद्रिय मालाच्या दुकानातून मी हेम्पच्या बिया आणते, चटणीला छान लागतात. त्या कुंडीत लावल्या तर येतील का? आणि त्याच दुकानात हेम्प बियांचं तेल आहे, तेच सीबीडी तेल का?
(एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : कुंडीसुद्धा लागवडच, तेव्हा नको. सोललेल्या बिया तशाही उगवत नाहीत. खायला हरकत नाही. नोव्हेंबर २०२१ पासून एफएसएसएआयने (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) बिया, त्यांचं तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलंय. तेलात टीएचसी किलोला १० मिलिग्रॅमपर्यंत, बियांत ५ पर्यंत, आणि अशा अन्नपदार्थांत सीबीडी किलोला ७५ मिलिग्रॅमच्या वर नको. म्हणजे ते सीबीडी तेल नव्हेच. सीबीडीच्या नावाने औषधी तेल विकायचं तर आयुषचा परवाना लागतो, बाटलीवर तो क्रमांक शोधा. कुमाऊँ-गढवालात या बियांची चटणी घरोघरी होते. लिंबू पिळा आणि बिया आधी कोरड्या भाजा.

प्रश्न : माझा मावसभाऊ डेहराडूनला असतो. पौडी भागात परवाना असलेल्या शेतकऱ्यांच्या गटात भांडवल घालायचं आम्ही ठरवतोय. तिथे तर कायदेशीर आहे. मग बियाण्याचा करार कसा करावा?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आधी परवाना कशासाठी आहे ते वाचा. एनडीपीएस कायद्याचं कलम १४ धागा, बी आणि बागायतीपुरतं आहे. सीबीडी फुलात असतं. परवाना धाग्याचा आणि विक्री फुलाची, असं झालं तर बियाणं कितीही अस्सल असो, माल अडकणार.

करारात लॉटनिहाय विक्री लिहून घ्या. प्रत्येक लॉटमधून दोघांसमोर नमुना काढायचा, सीलबंद करायचा, सह्या करायच्या आणि एक पिशवी तुमच्याकडे ठेवायची. पुढे वाद झाला तर तीच पिशवी बोलते. मातृपिकाचा अहवाल त्याच लॉटचा, पक्व फुलाचा आणि एकूण टीएचसी दाखवणारा हवा. उगवणीचा आकडा चारशे बियांच्या चाचणीचा आणि अलीकडच्या तारखेचा हवा. या बियांत जवळजवळ तिसरा हिस्सा तेल असतं. दमट, गरम गोदामात एक पावसाळा काढला की उगवण कोसळते, कागदावर मात्र जुने ९५ तसेच राहतात. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. एक हप्ता उगवणीनंतर आणि एक लिंग कळल्यावर द्या.

तरीही एक गोष्ट कराराच्या हातात नाही. त्या डोंगरात भांग रानोमाळ उगवते, रस्त्याकडेला, पडीक शेतात, गोठ्यामागे. तिच्या नरांचे परागकण वाऱ्यावर मैलोन्‌मैल जातात. तुमच्या महागड्या माद्यांत बी धरणार, सीबीडी उतरणार. शिवाय शेतकऱ्याने तेच बी पुढच्या वर्षी पेरलं, आणि तो पेरणारच, तर रानटी बापामुळे टीएचसी ०.३ च्या वर जाऊन उभं पीक नष्ट करावं लागेल. म्हणून प्लॉट बघायला फुलोऱ्याच्या दिवसांत जा आणि शेताआधी भोवतालचे बांध बघा. बी आणि धाग्यासाठी लागवड केली तर हा त्रास बराच कमी होतो, आणि परवानाही बहुधा त्याच कामाचा असेल.

परवान्याची प्रत पाठवलीत तर त्यावर कुठलं कलम आणि कुठला उपयोग लिहिलाय ते वाचून पुढच्या अंकात सांगेन. नाव-पत्ता झाकून पाठवा.