इतकं छान करतेस, विकत का नाहीस?

"आवड म्हणून सुरू केलं, लोकांनी वाखाणलं, ऑर्डरी घ्यायला लागले, आणि आता ते करावंसंच वाटत नाही. माझंच काही बिनसलंय का?" हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे सारखा येतो. कधी केक असतो, कधी क्रोशाचे रुमाल. या वेळी पाव होता, आणि सोबतीला चरखा. त्या बाईंना आपण वंदनाताई म्हणू. त्यांच्या परवानगीने लिहितेय, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

वंदनाताई सहकारनगरच्या, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या. तक्रार झोपेची, तीही शुक्रवारच्या. शनिवारी सकाळी सोसायटीतल्या ऑर्डरी द्यायच्या असत. यीस्टचं पाकीट न वापरता, घरच्या आंबवणावर केलेला पाव. ते आंबवण पुण्याच्या थंडीत रात्रभर सुस्त पडून राहतं आणि मे महिन्यात काही तासांतच बरणीबाहेर येतं. पहाटे उठून बघावं तर पीठ जास्त आंबून सैल पडलेलं. घरच्यासाठी असता तर "आज जरा आंबटच झालाय" म्हणत लोण्याबरोबर खपला असता. पैसे घेतले की तोच पाव बिघडलेला माल ठरतो.

यजमानांनी हौसेने सगळी व्यवस्था लावलेली. बोहरी आळीतून खोक्यांचे गठ्ठे आणले, अन्नपरवान्याची नोंदणी केली, एक्सेलमध्ये मैदा आणि विजेचा हिशेब मांडला. "मॅडम, मला पावाचा वास इतका आवडायचा! आता भट्टी तापली की छातीत धडधडायला लागतं," त्या म्हणाल्या. आणि उठता उठता, "पण बंद केलं तर मग मी दिवसभर करते काय, असं होतं हो."

आधी मी एक गोष्ट तपासली. आवडीच्या सगळ्याच गोष्टींतून मन उडालं असेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. मग छंदावर बोलत न बसता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. वंदनाताईंचं तसं नव्हतं. तळजाईवर फिरणं चालू होतं, मैत्रिणी होत्या, जेवण नीट होतं. नको झाला होता तो फक्त पाव.

याचं कारण मानसशास्त्राला बऱ्यापैकी ठाऊक आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ. गंमत अशी, की ज्यांना तेच प्रशस्तिपत्रक न सांगता नंतर दिलं, त्यांची आवड टिकून राहिली. म्हणजे बक्षिसाने बिघडत नाही, आधीच ठरलेल्या सौद्याने बिघडतं. वंदनाताईंनी हे ऐकून लगेच सांगितलं, "समोरच्या आजींना मी मधूनच पाव नेऊन देते. त्या कधी डबा भरून चिवडा देतात. त्याचं ओझं नाही वाटत."

पावाखेरीज त्या घरी सूतही कातत, म्हणून पुढच्या भेटीला मी त्यांना चरखा आणायला सांगितलं. त्यांच्या आईचा, लाकडी पेटीत मिटणारा. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना ज्या पेटी चरख्यावर त्यांनी काम केलं आणि ज्याला 'येरवडा चक्र' म्हणतात, त्याच जातीचा. खाली सतरंजीवर बसून त्यांनी उजव्या हाताने चाक फिरवलं, डाव्या हातातला पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची गुंडाळी, मागे मागे गेला. मी मुद्दाम ऑर्डरींचं विचारलं. चाक घाईने फिरलं, पीळ जास्त बसला, सूत आखडून तुटलं. त्यांनी काही न बोलता तुटलेलं टोक पेळूला टेकवलं, चाक हलकेच फिरवलं, सूत जुळलं. "हे कुणी मागत नाही ना," त्या म्हणाल्या, "म्हणून तुटलं तरी चालतं."

त्या सुताचं करता काय, असं विचारल्यावर मात्र त्या ओशाळल्या. काहीच नाही. लड्या कपाटात पडून. इथे मला खरा गुंता दिसला. त्यांच्या आईने जन्मभर चातुर्मासात वाती वळल्या, वस्त्रमाळा केल्या, उन्हाळ्यात कुरडया घातल्या. त्यात हाताला सुख नव्हतं असं थोडंच आहे? पण ते देवाचं किंवा घरचं काम म्हणून व्हायचं, त्यामुळे "हे कशाला?" असं कुणी विचारत नसे. वंदनाताईंपाशी ना देवाचं निमित्त, ना घरच्या गरजेचं. उरला पैसा, म्हणून त्यांनी तो आणला. नुसतं आवडतं म्हणून करायची मुभा आपल्या घरांत बायकांना फार उशिरा मिळते, आणि मिळाली तरी त्या ती वापरत नाहीत, असं माझं मत आहे.

ज्यांना पैशाची गरज आहे, त्यांना मी हे अजिबात ऐकवत नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. तिथे आनंद टिकवा वगैरे सांगणं उद्धटपणाचं झालं असतं. वंदनाताईंना पेन्शन होती.

एकदा यजमानांनाही बोलावलं. ते दुखावले होते. "मी तर तिच्या कौतुकापोटीच केलं सगळं." खरंच होतं ते, कौतुक करायची त्यांची रीतच हिशेबाची. मी एवढंच सुचवलं, की तक्ता राहू द्या, फक्त त्यात भावाच्या रकान्याऐवजी त्या दिवशी पाव कसा झाला ते लिहा. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण लिहायला लागले.

दर आठवड्याच्या ऑर्डरी वंदनाताईंनी थांबवल्या. ग्रुपवर दोघीतिघी नाराज झाल्या, एकीने "परवडत नसेल तर भाव वाढवा" असंही लिहिलं. नाताळात थोडे पाव विकायचं मात्र त्यांनी स्वतःहून ठरवलंय, किती ते त्याच सांगणार. शुक्रवारची झोप आता ठीक आहे. भर दुपारी सूत कातत बसलं की अपराधी वाटतं, ते अजून गेलेलं नाही. त्यावर आमचं काम चालू आहे.