वाचक विचारतात : होडीने दूरचा प्रवास

प्रश्न : आमची २८ फुटी डिझेल होडी आहे, पाण्याखाली साडेतीन फूट. मांडवीतून कुंभारजुवे कालव्याने झुवारीत जाताना दोनदा गाळात रुतलो, आणि दोन्ही वेळा भरपूर भरती बघूनच निघालो होतो. चुकलं कुठे? — एक दांपत्य, फोंडा

उत्तर : चुकलं ते 'भरपूर भरती'तच. पूर्ण भरतीला टेकलेल्या होडीखालचं पाणी पुढे उतरतच जाणार. त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असलं, तर पुढच्या भरत्या त्याहून कमी चढतात आणि होडी पुढच्या उधाणापर्यंत गाळातच बसू शकते. ओहोटी, म्हणजे आपली सुकती, संपून दोन तास झाले की कालव्यात शिरा. मग टेकलात तरी अर्ध्या तासात चढतं पाणीच उचलून देईल. कालवा साधारण १७ किलोमीटरचा. चार नॉट, म्हणजे तासाला साधारण साडेसात किलोमीटर वेगाने सव्वादोन-अडीच तास लागतात, म्हणजे बाहेर पडेपर्यंत भरती चालूच राहते. वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातून काढा, पण आत भरती त्याहून उशिरा पोचते हे धरून चला. शिवाय आपल्याकडे दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात.

भरती कालव्यात दोन्ही तोंडांनी शिरते. त्यामुळे पहिल्या टप्प्यात प्रवाह पाठीशी असतो आणि पुढे तोच तोंडावर येतो. जिथे दोन्ही पाणी भेटतं तिथे ते संथ होतं, आणि संथ पाण्यात गाळ बसतो. तिथे वेग कमी करा, एकाने नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, बांबू घेऊन उभं राहावं. बांबूवर अर्ध्या-अर्ध्या मीटरला रंगाचे पट्टे ओढून ठेवा. खोली मोजायचं यंत्र असलं तरी बांबू हवाच, कारण तळ मऊ की कडक ते तोच सांगतो. वळणावर बाहेरचा काठ धरा, आतल्या अंगाला हमखास उथळ.

रुतलात तर रिव्हर्समध्ये इंजिन ताणू नका. पंखा ढवळतो तो चिखल इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीतून आत जातो, आधी जाळी तुंबते, मग पंपातल्या रबरी इंपेलरची, म्हणजे पाणी खेचणाऱ्या चक्राची, पाती तुटतात आणि इंजिन तापतं. जास्तीचे दोन इंपेलर बरोबर ठेवा. इंजिन न्यूट्रलला टाका, दोघंही एकाच बाजूला उभे राहून होडी कलती करा, आणि छोटा नांगर मागे टाकून दोरी ओढा.

शिडाची डोलकाठी असेल तर बाणस्तारीच्या पुलाआधी ती उतरवा. नकाशातले खोलीचे आकडे ओहोटीचे असतात, पुलाखालची उंची भरतीची. दोन्हींची गल्लत नको.

प्रश्न : पणजी ते विजयदुर्ग जाऊन यायला डिझेल किती? — वाचक, वास्को

उत्तर : अंतर साधारण ६५ सागरी मैल : वेंगुर्ल्यापर्यंत २२, पुढे मालवण १२, देवगड २०, विजयदुर्ग १०-११. पाच नॉटने १३ तास. इंजिनाच्या २० अश्वशक्ती वापरल्या तर तासाला साडेचार लिटर, म्हणजे जायला ५८. तेवढंच यायला, आणि तेवढंच राखीव. १७५ लिटर घ्याच. कॅनमधलं डिझेल टाकीत ओतताना पाणी वेगळं करणाऱ्या गाळणीतून ओता.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीवरचा वारा असतो. दुपारनंतर वायव्येचा खारा सुटतो आणि उत्तरेला जाणाऱ्याच्या तोंडावरच येतो. उजाडल्यावर सातला निघालात तर साडेअकराला वेंगुर्ल्याला टेकता, वाऱ्याआधीच. मांडवीच्या तोंडावर आग्वादच्या वाळूच्या दांड्यावरून मात्र ओहोटीच्या जोरात बाहेर पडू नका. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर येऊन लाट उभी फुटते. रात्री चालू नये, दिवे नसलेल्या होड्या आणि जाळी दिसत नाहीत. मालवणच्या आसपास खडक फार, तिथे नकाशाशिवाय जाणं नकोच. होडीची नोंदणी आणि निघण्याआधीची चौकशी पणजीच्या बंदर कप्तान खात्यात करा.

प्रश्न : आम्ही दोघंच असतो. हे पाण्यात पडले तर मी काय करू? सुकाणू नेहमी तेच धरतात. — वाचक, म्हापसा

उत्तर : पहिली दुरुस्ती हीच, की पुढच्या फेरीपासून सुकाणू तुम्ही धरायचं आणि नांगर त्यांनी टाकायचा. शांत दिवशी असोला नारळ पाण्यात टाका, माणसाच्या डोक्याएवढाच दिसतो. तुम्ही एकट्यांनी वळून, वाऱ्याच्या समोर येऊन, इंजिन न्यूट्रलला टाकून तो उचलायचा. दहादा करा. नारळ हातात येतो, ओला माणूस येत नाही. म्हणून पाण्याखाली तीन पायऱ्या उतरणारी शिडी मागे कायम बसवून घ्या. लाइफ जॅकेट दोघांनीही घातलेलंच हवं, खाली ठेवलेलं कामाचं नाही. व्हीएचएफ वायरलेसवर चॅनल १६ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर वायरलेसशेजारी लिहून चिकटवा.

प्रश्न : कुंभारजुव्यात मगरी आहेत हे खरं का? — वाचक, डिचोली

उत्तर : खरं. पाय बाहेर सोडून बसू नका. पंख्यात दोरी किंवा जाळं अडकलं तर तिथे पाण्यात उतरू नका. नांगर टाका आणि लांब बांबूला विळा बांधून वरूनच कापा. ते जमलं नाही तर भरती संपण्याआधीच दुसऱ्या होडीकडून ओढून घ्या.