गरोदर बहीण, सव्वादोन वर्षांची भाची आणि व्यसनमुक्ती केंद्र: गोव्यात सुरुवात कुठून करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंडा तालुक्यातली बहीण, साधारण २० आठवड्यांची गरोदर. रोज रात्री एक क्वार्टर, कधी दीड, आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम. नवरा स्वतः पिणारा, घरात सव्वादोन वर्षांची मुलगी. भावाने विचारलंय की गोव्यातच निवासी उपचार होतील का, की पुण्या-मुंबईला न्यावं. त्याखाली एका ताईंनी सोळा वर्षांच्या मुलाबद्दल विचारलंय: गांजा आणि व्हाइटनर. दोघांचंही उत्तर इथेच लिहिलंय, कारण दोघांचीही पहिली अडचण एकच आहे. केंद्राचा शोध आधी सुरू झालाय आणि उपचारांचा क्रम अजून ठरलेला नाही.

दादा, पहिली गोष्ट म्हणजे घरी दारू एकदम बंद करू नका. पोटात बाळ आहे, आजपासून थेंबही नाही, बाटल्या फेकून दिल्या, हे मायेपोटीच होतं, पण सगळ्यात मोठा धोका इथेच असतो. ४२.८ टक्क्यांची १८० मिली दारू म्हणजे साठेक ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दहा ग्रॅमचं एक माप धरलं तर रोजची सहा मापं, दीड क्वार्टरच्या दिवशी नऊ. एवढी सवय झालेल्या शरीराची दारू अचानक तोडली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळतं. झटके बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, भास आणि ताप घेऊन येणारी डिलिरियम ट्रेमेन्सची अवस्था येऊ शकते. अल्प्राझोलाम एकदम तोडल्यानेही झटके येतात, म्हणजे धोका दुहेरी. आईला झटका आला तर बाळाचा प्राणवायू कमी पडतो.

याचा अर्थ पिऊ द्यावं असा नाही. गरोदरपणात दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. बंद करायचीच आहे, पण डॉक्टरांच्या हाताखाली आणि एक-दोन दिवसांत. तोवर प्रमाण वाढू देऊ नका, शेवटचा घोट किती वाजता घेतला ते लिहून ठेवा, रात्री कोणीतरी जवळ जागं राहा. थरथर पाहायची असेल तर तिला दोन्ही हात समोर ताणून बोटं फाकवायला सांगा आणि वर एक कागद ठेवा. डोळ्यांना न दिसणारा कंप कागदाच्या कडेवर दिसतो. कागद फडफडतोय, कपाळावर घाम आहे आणि नाडी जलद आहे, तर सकाळची वाट पाहू नका. झटका, असंबद्ध बडबड, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल कमी, यातलं काहीही असलं तर १०८ आणि थेट बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज.

आता जागेबद्दल. पहिल्या आठवड्यासाठी पुणे-मुंबई नको आणि खासगी व्यसनमुक्ती केंद्रही नको. बांबोळीला मनोविकार संस्था (आयपीएचबी) आहे आणि गोमेकॉही बांबोळीलाच. गरोदर बाईसाठी ही जवळीक फार मोलाची आहे. व्यसनाचे डॉक्टर आणि प्रसूतीचे डॉक्टर एकमेकांना विचारू शकतात, बाळाचे ठोके तपासता येतात, रात्री दोन वाजता सोनोग्राफी लागली तर ती होते. बहुतेक निवासी केंद्रं पुरुषांसाठी आखलेली असतात. तिथे प्रसूतितज्ज्ञ नसतो आणि रात्रपाळीला नर्सही असेलच असं नाही.

डॉक्टरांना खरं सांगणं हा निम्मा उपचार आहे. २० आठवड्यांनंतर गरोदर बाईला झटका आला की डॉक्टर आधी एक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांचा विचार करतात, आणि तो बरोबरच आहे. रक्तदाब बघतात, मॅग्नेशियम सल्फेट सुरू करतात. दारू आणि गोळीची गोष्ट घरच्यांनी लपवली असेल तर खरं कारण सापडायला मौल्यवान तास जातात. स्त्रीरोग ओपीडीत सासूसमोर तिला हे सांगता येणार नाही. म्हणून एका कागदावर लिहा: काय, किती, किती वर्षं, शेवटचं कधी, आधी कधी झटका आला होता का. तो कागद थेट डॉक्टरांच्या हातात द्या. उर्राक (काजूची दारू) पीत असेल तर तेही लिहा. मार्च ते मेच्या हंगामात या दारूची ताकद विक्रेत्यागणिक बदलते, त्यामुळे टक्केवारीपेक्षा ग्लास किती मोठा आणि किती ग्लास हे सांगणं उपयोगाचं. मिशेरी-तंबाखूही विसरू नका. ते कोणी व्यसनात मोजतच नाही आणि बाळाचं वजन घटवण्यात त्याचा मोठा वाटा असतो.

आणखी एक चूक सगळीकडे दिसते. अशक्तपणा आलाय म्हणून जवळच्या दवाखान्यात नेऊन ग्लुकोजचं सलाईन लावणं. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, खूप कमी झालेलं असतं. थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते: डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, स्मरणशक्ती जाते. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. विथड्रॉवलसाठी, म्हणजे दारू तोडल्यावर होणाऱ्या त्रासासाठी, लोराझेपामसारखी औषधं डॉक्टर मोजून देतात आणि उतरवत नेतात. अल्प्राझोलाम मात्र काही आठवडे घेऊन हळूहळू कमी करावं लागतं. डायसल्फिराम, म्हणजे ‘दारू सोडवायची पावडर’ म्हणून जेवणात गुपचूप मिसळतात ती गोळी, गरोदरपणात द्यायची नाही. न सांगता तर कोणालाच कधी देऊ नये.

कुणाच्या घरी हाच प्रश्न दारूऐवजी ब्राउन शुगर किंवा ट्रामाडोलचा असेल तर नियम वेगळा आहे. गरोदरपणात ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची अशी नशा, झटक्यात सोडवत नाहीत. ब्यूप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या औषधांवर स्थिर ठेवतात, जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असं म्हणत घरचे ती गोळी बंद करतात, मग बाई पुन्हा रस्त्यावरच्या मालाकडे वळते. बाळाला जन्मानंतर दोन-तीन दिवसांत किरकिर, कंप, जुलाब, दूध न ओढणं असा त्रास होऊ शकतो. त्यावर उपचार आहेत, पण बालरोगतज्ज्ञाला आधीच माहीत हवं, आणि तिसऱ्या दिवशी डिस्चार्जचा हट्ट धरायचा नाही.

भरतीच्या कागदांकडे वळू. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले मानसिक विकार येतात, म्हणून या कायद्यातले हक्क तिलाही आहेत. ती स्वतः तयार असेल तर भरती तिच्या स्वतःच्या सहीने होते. तिने एक नामनिर्देशित प्रतिनिधी नेमावा. साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालतं, आणि तो नवराच असला पाहिजे असं कुठेही नाही. नवरा पिणारा असताना हा कागद आजच करून घ्या, तुमचं नाव द्या. तिची इच्छा नसताना भरती करायची तर कायद्याच्या अटी कडक आहेत: स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका, किंवा स्वतःची काळजी घेण्याची क्षमताच नसणं. अशी भरती पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवसांची, आणि बाई असेल तर तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. गाडी पाठवून माणूस उचलून नेणारी जी केंद्रं आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

लहानग्या मुलीचं काय, हा तुमचा खरा प्रश्न आहे असं वाटतं. त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करायचं नसतं. मुलाला धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं तर तात्पुरतं वेगळं करता येतं, पण तेव्हाही आईला देखरेखीखाली मूल भेटतं आणि दर पंधरा दिवसांनी निर्णय पुन्हा तपासावा लागतो. तुमची भाची सव्वादोन वर्षांची आहे, म्हणजे ती यात बसते. व्यवहार मात्र असा की पहिले चार-पाच दिवस आई औषधाच्या गुंगीत असेल आणि वॉर्डातली नर्स मूल सांभाळणार नाही. ते दिवस मुलीला आजीकडे किंवा मावशीकडे ठेवा, रोज अर्धा तास भेटवा. नंतर कोणी नातेवाईक बाई सोबत राहणार असेल तर दोघींना एकत्र ठेवण्याची लेखी विनंती करा. आणि बहिणीला हे स्पष्ट सांगा की उपचाराला भरती झाली म्हणून कोणी मूल काढून घेत नाही, तिची माहिती गोपनीय ठेवणं संस्थेवर बंधनकारक आहे. बायका उपचार टाळतात त्यामागे पैशापेक्षा ही भीती जास्त असते.

विथड्रॉवल साधारण ५ ते १० दिवसांत निभावतं. त्यानंतर निवासी केंद्राचा विचार. आज २० आठवडे, हॉस्पिटलचे दहा दिवस, मग सहा आठवड्यांचा मुक्काम धरला तर बाहेर पडताना २७-२८ आठवडे होतील. याच काळात २४ ते २८ आठवड्यांतली साखरेची तपासणी येते, धनुर्वाताचा डोस आणि लोह-कॅल्शियम चालू असतं. हे सगळं माता-बाल कार्डावर तारखांसह लिहून केंद्राच्या हातात द्या. बाळाची रचना पाहणारी सोनोग्राफी राहिली असेल तर ती आधी, लगेच.

केंद्र बघायला जाल तेव्हा कार्यालयात बसून माहितीपत्रक वाचू नका. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक मागा. रात्री कोण असतं, ती बाई आहे का, प्रशिक्षित नर्स आहे का. कळा सुरू झाल्या तर गाडी कुठली आणि हॉस्पिटल कोणतं. बायकांच्या खोलीला आणि न्हाणीघराला आतून कडी आहे का, हे स्वतः लावून बघा. ‘पहिले तीन आठवडे घरच्यांशी फोन नाही’ असा नियम गरोदर बाईसाठी मान्य करू नका. बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं, सगळ्यांसमोर उभं करून अपमान करणं हे उपचार नव्हेत. साखळीने बांधणं तर कायद्याने सरळ बंद आहे. योग्य जागा मिळालीच नाही तर ओढूनताणून कुठेतरी ठेवण्यापेक्षा माहेरी ठेवून आठवड्यातून दोनदा ओपीडी आणि समुपदेशन बरं. त्या घरात बाटली नसावी आणि नवऱ्याचे उपचारही सुरू व्हावेत. तो घरी पीत राहिला तर तिची सहा आठवड्यांची मेहनत एका रात्रीत जाते. गोव्यात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका जागोजागी भरतात, त्याच्यासाठी तिथून सुरुवात सोपी आहे.

बाळंतपणानंतरचे पहिले महिने पुन्हा घसरण्याचे असतात. जागरण, रडणारं बाळ, एकटेपणा. तेव्हा दर आठवड्याची भेट आधीच ठरवून ठेवा. आणि ज्या रात्री ती प्यायली असेल त्या रात्री बाळ तिच्या अंथरुणात झोपवायचं नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा.

ताई, तुमच्या मुलाचं. गांजा सोडल्यावर चिडचिड, झोप न लागणं, भूक जाणं असं एक-दोन आठवडे चालतं, जीवाला धोका नसतो. काळजी व्हाइटनरची आहे. त्यातल्या वाफेने हृदयाचे ठोके बिघडतात, आणि हुंगत असताना मूल दचकलं किंवा पळालं तर हृदय अचानक थांबू शकतं. म्हणून तो सापडला तर ओरडू नका, पाठलाग करू नका, हिसकावू नका. खिडक्या उघडा, शांतपणे बसवा, आणि बेशुद्ध वाटला तर १०८.

सोळाव्या वर्षी भरती हा पहिला पर्याय नसतो. आयपीएचबीच्या ओपीडीत आधी नैराश्य, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), भीतीचे विकार तपासून घ्या. ते तसेच राहिले तर गांजा पुन्हा येतो. भास होत असतील, मरणाची भाषा असेल किंवा घरच सुरक्षित नसेल तर भरती. तेव्हा दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणं, प्रौढांपासून वेगळी जागा, पूर्ण वेळ तुमच्यापैकी कोणी सोबत आणि ७२ तासांत मंडळाला कळवणं, हे कायद्याने बंधनकारक आहे. मोठ्या पुरुषांच्या हॉलमध्ये ठेवणारं केंद्र नको. तिथून मूल नवी नशा शिकून येतं. घरी दर आठवड्याला लघवीची तपासणी करत बसू नका. रोज ओढणाऱ्याची गांजाची चाचणी सोडल्यावरही महिनाभर पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि खरं बोलणारा मुलगा खोटा ठरतो.

माल कोण देतं हे त्याच्याकडून वदवून घेण्याची घाई नको. अल्पवयीन मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार नंतरही करता येते. त्याआधी १४४१६ला फोन करा. टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही बोला, तो तयार झाला की त्याच्या हातात फोन द्या आणि खोलीबाहेर जा.