पट्टी लावली, पण माप जुळेना

यावेळी नकाशे, प्लॅन आणि स्केलवर एवढी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. चार प्रश्न घेतलेत, त्यातल्या दोघांची भानगड एकच आहे पण त्यांना ते माहीत नाही.

प्रश्न : बिल्डरच्या ऑफिसातून फ्लॅटच्या प्लॅनची पीडीएफ आली, खाली स्पष्ट लिहिलंय स्केल १:१००. मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली आणि पट्टीने हॉल मोजला तर ३.४ सेमी बाय २.३ सेमी भरला. म्हणजे ३.४ मीटर बाय २.३ मीटर, साधारण ८४ स्क्वेअर फूट. सेल्सवाला तर १७० सांगत होता! सरळ सरळ निम्मा हॉल खाल्ला की काय? बुकिंगचे पैसे परत मागू का? (वाचक, चिंचवड)

उत्तर : थांबा थांबा, पैसे मागायच्या आधी एक सांगा, प्रिंट कुठल्या कागदावर काढली? ए-४ वरच ना? आणि पीडीएफ नक्की ए-३ ची असणार, हे मी न बघता सांगतो कारण तुमचा आकडा बरोब्बर निम्मा आलाय आणि तो उगाच नाही आलेला.

ए-३ कागद मधोमध दुमडला की ए-४ होतो. क्षेत्रफळ निम्मं. पण लांबी काही निम्मी होत नाही, ४२० मिमीची २९७ होते म्हणजे साधारण ०.७ पट. प्रिंटरने सगळा प्लॅन आवळून ए-४ मध्ये बसवला, रेघा लहान झाल्या, पण खाली छापलेलं '१:१००' तसंच राहिलं, कारण ती नुसती अक्षरं आहेत, त्यांना काय माहीत कागद बदलला ते. आता तुमच्या हातातला प्लॅन १:१०० चा नाहीच, तो १:१४१ च्या आसपास झालाय.

मग करायचं काय? छापलेलं स्केल विसरा आणि प्लॅनवर एक असं माप शोधा जे आकड्यात लिहिलेलं आहे. समजा बिल्डिंगच्या एका बाजूला १४.१० मीटर लिहिलंय आणि पट्टीने ती बाजू १० सेमी भरतेय. झालं, शाळेतलं त्रैराशिक. १० सेमीला १४.१० मीटर तर ३.४ सेमीला किती? ३.४ गुणिले १४.१० भागिले १०, उत्तर ४.७९. दुसरी बाजू २.३ ची ३.२४ येते. गुणाकार करून फुटात आणला की १६७ स्क्वेअर फूट. सेल्सवाल्याचे १७० आणि तुमचे १६७, हा फरक पट्टीवर एक मिलिमीटर इकडेतिकडे वाचलं तरी पडतो. माणूस खोटं बोलत नव्हता. (म्हणजे याबाबतीत तरी.)

ओळखीचं माप घेताना लांबलचक घ्या हं. बरेच जण दरवाजा धरतात, मेन डोअर एक मीटरचं असतं म्हणून. पण तो या प्रिंटवर ७ मिमी दिसणार, त्यात तुम्ही अर्धा मिमी चुकलात की सगळ्या घरात सात टक्के चूक. १० सेमीच्या रेघेत तोच अर्धा मिमी चुकला तर अर्धा टक्का. आणि खरं सांगू का, साइटवर कुणी प्लॅनला पट्टी लावत नाही, बऱ्याच ड्रॉइंगवर कोपऱ्यात तसं लिहिलेलंच असतं की मोजू नका, लिहिलेलं माप धरा. तुम्हाला हॉलचं माप आकड्यात हवं असेल तर ते मागून घ्या, आणि कार्पेट एरिया करारनाम्यात किती लिहिलाय ते बघा, विषय तिथे संपतो.

प्रश्न : आमच्या जमिनीची मोजणी झाली, 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) हातात आहे, स्केल १:१०००. आमचा तुकडा नकाशावर ६.२ सेमी बाय ३.३ सेमी आहे, आयताकृतीच म्हणा. मी क्षेत्र काढलं २०.४६ चौरस सेमी, त्याला हजाराने गुणलं तर २०,४६० चौरस सेमी म्हणजे दोन चौरस मीटर आले. हे कसं शक्य आहे? मुलगा हसतोय. (वाचक, संगमनेर तालुका)

उत्तर : मुलाला हसू द्या, पण ही चूक इंजिनिअर लोकही करतात, मी स्वतः एकदा ऑफिसात सगळ्यांसमोर केलीये. दोन चौरस मीटरात म्हैस बसली तर शेपूट बाहेर राहील!

१:१००० हे लांबीचं गुणोत्तर आहे. नकाशावर १ सेमी म्हणजे जमिनीवर १००० सेमी, म्हणजेच १० मीटर. क्षेत्राला मात्र लांबीही हजारपट आणि रुंदीही हजारपट, म्हणजे हजार गुणिले हजार, दहा लाख पट. तुम्ही एकदाच गुणलंत. सोपा मार्ग म्हणजे आधी बाजू जमिनीवर आणायच्या आणि मग गुणाकार करायचा. ६.२ सेमी म्हणजे ६२ मीटर, ३.३ सेमी म्हणजे ३३ मीटर, ६२ गुणिले ३३ बरोबर २०४६ चौरस मीटर. १०० चौरस मीटरचा एक आर, म्हणून २०.४६ आर. तुमच्या सातबाऱ्यावर ०.२०.४६ (हेक्टर, आर, चौरस मीटर या क्रमाने) च्या जवळपास काही असेल तर सगळं ठीक आहे.

गुंठ्यात हवं असेल तर थोडं वेगळं येतं. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, आणि असे ४० झाले की एकर. मीटरमध्ये तो १०१.१७ चौरस मीटर होतो. म्हणजे आर आणि गुंठा अगदी एक नाहीत, लोक बोलताना एकच धरतात आणि वीस गुंठ्यांत त्याने फार बिघडत नाही, तुमचे २०.२२ गुंठे होतात. पण रेट गुंठ्यावर ठरला असेल आणि सातबारा आरमध्ये असेल तर मोठ्या क्षेत्रात ते चांगलंच दिसतं बरं का.

आता न विचारलेलं पण सांगतो, कारण असं पत्र सहसा बांधाच्या भांडणातून येतं. या नकाशावर पेनाची रेघ अर्धा मिमी जाड असेल तर ती जमिनीवर अर्धा मीटर रुंद आहे. तुमचा बांध त्या रेघेच्या अलीकडे की पलीकडे, हे घरी पट्टी लावून कुणालाच ठरवता येणार नाही, शेजाऱ्यालाही नाही. आणि तुमच्याकडे झेरॉक्स असेल तर वरच्या चिंचवडकरांचं उत्तर परत वाचा, झेरॉक्स मशीन ९७ टक्क्यांवर सेट असेल तरी ६२ मीटरचे ६० होतात. भांडण खरंच असेल तर भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा.

प्रश्न : ट्रेकसाठी कुणीतरी सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाचा फोटो ग्रुपवर टाकला, १:५०,००० लिहिलंय. मोबाइलवर अंतर कसं मोजायचं? (वाचक, ठाणे)

उत्तर : स्क्रीनवर १:५०,००० ला काही अर्थ नाही, दोन बोटांनी झूम केलं की ते गेलंच. छापील कागदावर २ सेमीला १ किमी असतं, मोबाइलवर ते झूमप्रमाणे काहीही होईल. पण नकाशाच्या खाली एक आडवी पट्टी काढलेली असते, त्यावर किलोमीटर लिहिलेले असतात. ती नकाशाबरोबरच लहानमोठी होते, म्हणून ती कधी फसवत नाही. फोटोत ती पट्टी आलीये का बघा, नसेल तर टाकणाऱ्याला परत काढायला सांगा.

वाट वळणावळणाची असते म्हणून प्रिंट काढून त्यावर दोरा वाकवत ठेवा आणि मग तो दोरा त्या पट्टीवर सरळ करा. तरीही हे आडवं अंतर आहे, चढ त्यात नाही. त्या नकाशांवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ, उंचीच्या दर २० मीटरला एक असते, त्या मोजा आणि दमायची तयारी ठेवा.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे, यंदा दिवाळीत किल्ला "स्केलप्रमाणे" करायचाय म्हणते. जागा चार फूट आहे. मावळे आहेत, सहा सेमीचे. कसं बसवायचं? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : हा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न, त्यामुळे जागेची पर्वा न करता लिहितोय. समजा गड नकाशावर मोजून २.४ किमी लांब आला. तुमची जागा चार फूट, म्हणजे १२० सेमी. २,४०,००० सेमीचे १२० सेमी करायचे तर स्केल झालं १:२०००. पायथ्यापासून ६०० मीटर उंची असेल तर मातीचा डोंगर ३० सेमी. इथपर्यंत छान.

आता मावळा. सहा सेमी गुणिले दोन हजार, १२० मीटर. म्हणजे चाळीस मजली टॉवर एवढा मावळा गडावर भाला घेऊन उभा! त्याला स्केलमध्ये आणायचं तर १.७ मीटरचा माणूस ०.८५ मिमी होतो, म्हणजे साधारण खसखशीचा दाणा. उलट जाऊन मावळा खरा धरला तर स्केल येतं १:२८, आणि मग गड ८५ मीटर लांब होतो. सोसायटीचं पार्किंग रिकामं करून घ्यावं लागेल, सेक्रेटरी काय म्हणतील ते तुम्ही बघा.

माझा सल्ला, मुलीला हे गणित करायला लावा आणि मग तिलाच ठरवू द्या. आमच्या घरी आम्ही डोंगर आणि माच्या १:२००० ने केल्या होत्या आणि पुढे अंगणात एकच दरवाजा वेगळा, मावळ्यांच्या मापाने. पाच मीटरचा दरवाजा १:२८ ने १८ सेमी होतो, पुठ्ठ्यात मस्त उठून दिसतो आणि पहारेकरी त्याच्यासमोर अगदी शोभतात. दोन्हीकडे आपापलं स्केल पाटीवर लिहायचं. वरच्या गडावर मावळा नाही, फक्त चिमूटभर खसखस टाकायची आणि बघायला आलेल्या प्रत्येकाला विचारायचं, सैन्य दिसलं का? आमच्याकडे दुसऱ्या दिवशी ते सगळं सैन्य मुंग्यांनी पळवलं, त्यामुळे खसखस जरा जास्तीची ठेवा.